दोघे पैलवान नुसतेच उभे असतात तेव्हा

पैलवानाला काही विचारायला लोक बिचकतात, वस्तादांना विचारायची कुणाची टाप नसते. मग उरतो माईकवाला. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही जत्रेत मैदान सुटलं की कुणीतरी चहाचा कप हातात कोंबून मला विचारतंच, "आण्णा, ती दोघं पंधरा-पंधरा मिनटं मानंवर हात टाकून नुसती उभी ऱ्हात्यात. तवा तुमी एवढं बोलता तरी काय?"

विचारणारा चेष्टेत विचारतो, आजूबाजूचे हसतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आमच्या कामातला अवघड भाग नेमका तोच आहे.

डाव पडतो तेव्हा निवेदकाला काहीच काम नसतं. 'पोकळ घिस्सा' एवढं म्हणून होईपर्यंत घिस्सा बसलेला असतो, खालचा गडी चीत झालेला असतो आणि जिंकलेल्याला पोरांनी खांद्यावर घेतलेलं असतं. फेटे उडतात, हलगी बेभान होते, त्या गलक्यात माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही. मला बोलायचं असतं ते त्याच्या आधी, खडाखडी चालते तेव्हा, म्हणजे दोघे उभ्यानं एकमेकांना अजमावत असतात तेव्हा.

गादीवर, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, हा प्रश्न तितकासा येत नाही. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पट काढून, म्हणजे पाय धरून ओढून, खाली घेतलं की दोन गुण, फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. गडी नुसताच रेंगाळला तर पंच ताकीद देऊन तीस सेकंदांची मुदत लावतात, तेवढ्यात त्यानं गुण नाही घेतला तर समोरच्याच्या नावावर एक चढतो. सगळं बोर्डावर झळकतं. २०२२ ची महाराष्ट्र केसरी साताऱ्यात शाहू स्टेडियमवर झाली, शेवटच्या कुस्तीत पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. त्या दिवशी ज्याला एकाही डावाचं नाव माहीत नव्हतं त्यालाही बोर्ड बघून कळत होतं की जीव कुठं अडकलाय.

जत्रेतल्या मातीत बोर्ड नाही. पाठ टेकली की निकाल, नाही टेकली तर कुस्ती चालूच. उसाच्या ट्रॉलीवर उभं राहून बघणाऱ्या माणसाला दोन पाठी आणि चार ढोपरं एवढंच दिसतं. मी हौदाच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, काठावर असतो, मला पाय दिसतात. कुणाचा पाय पुढं येतोय, कोण टाच उचलून उभा आहे, कुणी तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केलीय. घामानं मान निसटायला लागली की गडी मूठभर माती उचलून समोरच्याच्या मानेवर चोळतो. लोकांना ती गंमत वाटते, पण त्यानं पकड पक्की करायला घेतलेली असते. हे सगळं सांगितलं की ट्रॉलीवरचा माणूसही पायांकडे बघायला लागतो आणि शिट्ट्या मारायचा थांबतो.

आता खरी मेख. माईक पैलवानांनाही ऐकू जातो.

ही गोष्ट प्रेक्षकांच्या ध्यानातच येत नाही. समजा मला दिसलं की तांबड्या लांगेचा गडी मान दाबून ढाकेवर घ्यायच्या बेतात आहे, आणि मी उत्साहात बोलून बसलो, "आता ढाक येणार!" तर ते चार कर्ण्यांतून कुणाला ऐकू जाईल? सगळ्यात आधी ज्याला ढाक बसणार आहे त्याला. तो कंबर मागं घेणार, डाव फुकट जाणार, आणि पलीकडून वस्ताद माझ्याकडे जे बघणार ते तुम्हाला दिसणार नाही, मला दिसेल. नवख्या निवेदकाला कुठला ना कुठला वस्ताद यावरून एकदा तरी झापतोच, आणि बरोबर करतो. पोरानं सहा महिने घोटलेला डाव आपल्या तोंडानं फोडायचा आपल्याला काय अधिकार? म्हणून झालं ते बोलायचं, होणार ते गिळायचं.

कुस्ती लागून राहिली की आम्ही जुन्या गोष्टी का काढतो, तेही आता तुमच्या ध्यानात आलं असेल. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांना आठवणींचा सोस. तसं नाही. जुनी गोष्ट दोघांपैकी कुणालाच फायद्याची नसते.

फक्त ती गाव बघून काढावी लागते. मिरज भागात कवठेपिरानचे मारुती माने, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आलेले आणि १९६४ ला हिंदकेसरी झालेले. पलूसकडे १९६१ चे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी. आणि कऱ्हाडकडे गेलो की गोळेश्वरचे खाशाबा जाधव, तिथं दुसरं नाव आधी घेतलं तर चहा मिळणार नाही.

खाशाबांची गोष्ट मी दोन्ही गडी दमून एकमेकांना टेकलेले असतात तेव्हाच काढतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ साल, ५७ किलोचा गट. जपानच्या शोहाची इशीशी मोठी दमछाक करणारी कुस्ती झाली, त्यात हरले. अंगावरचा घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत रशियाच्या पैलवानापुढं उभं केलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. तरी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्याला १९९६ उजाडलं, तेही टेनिसमध्ये. ही गोष्ट सांगताना मी हौदाकडे बघत नाही, पण टेकलेले दोघं पुष्कळदा आपसूक सुटे होतात.

गोष्ट कुठंही तोडता आली पाहिजे, हेही आलंच. इशीचं नाव निम्मं तोंडात असताना इकडे कुणी पट काढला तर हेलसिंकी तिथल्या तिथं सोडायचं. त्यासाठी माझा एक कान हलगीवर असतो. हलगीवाल्याची नजर माझ्यापेक्षा तयार असते. त्यानं टिपरी जलद केली की मी वाक्य संपवायच्या भानगडीत पडत नाही.

हल्ली काही पोरं खडाखडी सुरू झाली की फोन काढून शेरोशायरी वाचतात. आवाज चांगले आहेत, पण नजर फोनमध्ये असेल तर हौदात काय चाललंय ते कोण बघणार? माझं मत विचाराल तर शायरी बक्षीस समारंभाला ठेवावी.

बाकीचे प्रश्न भराभर घेतो. "कुस्ती आधीच ठरलेली असते का?" नुरा कुस्ती लोकांना आमच्या आधी कळते, आणि एकदा का हुर्यो सुरू झाली की माईकचा उपयोग शून्य. "घशाला काय घेता?" ज्येष्ठमध आणि कोमट पाणी, मैदानाच्या दिवशी तळलेलं बंद. "स्वतः कधी लढलात?" तालमीत माती उकरली, जोर मारले, पण माझं अंग कधी धरलंच नाही.

"पोरींच्या कुस्तीला वेगळं बोलता का?" हा प्रश्न मार्च २०२३ पासून जास्त येतो. त्या वर्षी महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि आपल्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. वेगळं बोलत नाही. बरेच जण दर वाक्याला 'वाघीण', 'रणरागिणी' म्हणत सुटतात आणि तिनं एकलंगी मारली की भारंदाज, ते सांगायचं राहूनच जातं. डाव कोणता ते सांगा, पोरींना तेवढंच हवं असतं.

आणि चिठ्ठ्या. सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकीकडे गडी समोरच्याला खाली घेऊन कब्जा धरून बसलाय, मोळी डाव बांधायच्या तयारीत आहे, आणि कमिटीचा माणूस माझ्या हातात चिठ्ठी देतो, 'आपल्यात अमुक गावचे माजी उपसरपंच आलेले आहेत'. दुसरी, 'पांढरी गाडी वाटेत लावली आहे, काढावी'. उपसरपंच पाच मिनिटं थांबतात, त्यांचे कार्यकर्ते थांबत नाहीत. गाडीची चिठ्ठी मात्र मी लगेच वाचतो, कारण पाणी आणणारा टँकर तिच्यामागं अडकलेला असतो.

राहता राहिली आई-बापांची विनंती. "आमच्या पोराचं नाव जरा दणक्यात घ्या, भावी हिंदकेसरी म्हणा." दणक्यात घेतो की. पण भावी वगैरे म्हणत नाही, समोर दुसऱ्याचंही पोरगं उभं असतं. चिठ्ठीवर पोराचं नाव, गाव आणि वस्तादांचं नाव लिहा, एवढं पुरतं. आणि कृपा करून सुवाच्य लिहा. मागच्या हंगामात एका चिठ्ठीवरचा 'विटा' मला 'विद्या' दिसत होता, शेवटी पोरालाच हाक मारून विचारावं लागलं, बाबा, तू नेमका कुठला?