वाटीच्या वर बोटभर

गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेले होते, तरी तिची मांडी काही साथ देत नव्हती. धावपटू मुलगी, वय 22. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ‘दाब’ म्हटलं की दातओठ खायची, खांदे कानाशी जायचे. मांडीचा पुढचा स्नायू मात्र ढिम्म. ‘मॅडम, हा पाय माझा वाटतच नाही,’ असं म्हणून ती रडली.

हा तिचा आळस नव्हता. सुजलेल्या गुडघ्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जूच या स्नायूकडे जाणारा हुकूम अडवून धरतो. तिथे जिद्द कामाला येत नाही.

त्या दिवशी मी हातात धरायचं व्हायब्रेशनचं यंत्र काढलं. टाके भरलेले, पोटरीला सूज नाही, हे पुन्हा तपासलं. रक्ताच्या गुठळीची नुसती शंका असली तरी मी ते लावत नाही. वाटीच्या वरच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, टोक टेकवलं. सेकंदाला 80 थरथरी. ‘डोळे मीट.’

थोड्या वेळाने ती दचकली. ‘गुडघा वाकतोय!’

पाय जागचा हललाही नव्हता. स्नायूतले ताण टिपणारे बारीक तंतू कंपनाने इतके चेततात, की स्नायू ताणला जातोय असंच मेंदू धरून चालतो. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी 1972 मध्ये या भासाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. मला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: पायाची खबर वर पोचत होती.

‘आता दाब.’

वाटीच्या आतल्या अंगाला, बोटभर वर, कातडीखाली काहीतरी फुरफुरलं. माझं बोट तिथेच होतं. पुन्हा दाबायला लावलं. या वेळी 3 सेकंद टिकलं.

‘मग रोज तासभर लावलं तर मांडी भरेल ना?’ तिच्या आईंनी विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. उंदरांच्या जखमी स्नायूंवर सौम्य कंपनाचे चांगले परिणाम दिसलेत, पण त्यावरून तिला मांडी भरण्याचं वचन कसं देऊ? भरायची तर व्यायामानेच, हळूहळू वजन वाढवत. आणि अति कंपन घातकच. वर्षानुवर्षं ड्रिल चालवणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात, बधिर होतात.

मग यंत्र बंद करून दहा वेळा दाबायला सांगितलं. चार वेळा जमलं. पाचव्या वेळेआधी तिने माझं बोट बाजूला सारलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.