जुलैत आयरिसचे गड्डे फोडताना

न्यू जर्सीत मे संपता संपता आमचा दक्षिणेकडचा वाफा आयरिसने भरून जातो. हरणं इथे होस्टा, ट्युलिप सगळं फस्त करतात, पण आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत. फुलांचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र जुलैतलं काम जास्त आवडतं.

बिअर्डेड आयरिसचा, म्हणजे पाकळीवर दाढीसारखी लव असलेल्या आयरिसचा, गड्डा आल्यासारखा आडवा पसरतो. एकदा फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही, त्याच्या कडेला फुटलेली पिल्लं फुलतात. त्यामुळे तीन-चार वर्षांत वाफ्यात दाटी होते आणि फुलं रोडावतात. मग अख्खा ठोंब उपटायचा, मधले जून गड्डे काढून टाकायचे, कडेची पिल्लं ठेवायची आणि त्यांची पानं वीतभर राखून छाटायची. प्रत्येक गड्डा मी अंगठ्याने दाबून बघते. घट्ट लागला तर ठीक. मऊ आणि घाण वास येणारा असेल तर सड लागलीय, निरोगी भाग लागेपर्यंत कापायचं. भोक दिसलं तर आत गुलाबीसर बोरर अळी बसलेली असते. तिचा पतंग शरद ऋतूत सुकल्या पानांवर अंडी घालतो, म्हणून नोव्हेंबरमध्ये मी वाफ्यात एकही वाळकं पान राहू देत नाही. औषधं फवारण्यापेक्षा माझा यावरच भरवसा आहे.

लावताना मातीचा छोटा उंचवटा करून गड्डा त्यावर ठेवायचा, मुळं दोन्ही बाजूंना खाली सोडायची आणि पाठ उन्हाला उघडी ठेवायची. आई सांगलीहून आली की तिला हे बघवत नाही. “अगं, हळदीला आपण भरणी करतो, आणि हे असं उघडं?” म्हणत ती पायाने माती लोटते. मी मागून जाऊन ती हलकेच बाजूला करते.

नत्र जास्त असलेलं खत अजिबात नको. पानं माजतात आणि सड लवकर लागते. पाणी बेताचं, ऊन मात्र रोज निदान सहा तास.

जाती निवडायच्या असतील तर मेच्या अखेरीस इथल्याच माँटक्लेअर गावाची प्रेसबी आयरिस बाग बघून या. १९२७ साली सुरू झालेली ही बाग अजून जिवंत आहे. उतारावर रांगेने जुन्या-नव्या जाती फुललेल्या असतात, आणि रंग फोटोतून कळत नाही.

पुण्याच्या मैत्रिणी गड्डे मागतात. त्यांना नाही म्हणावं लागतं, कारण या जातीला कडक हिवाळा लागतो. जवळपास राहणाऱ्यांनी मात्र जरूर सांगा. पानावर मार्करने रंग लिहून पिल्लं बाजूला ठेवते.