७८०५ आणि आपला मे महिना

आज माझं पोट पॉवर सप्लायच्या डिझाइनवर चालतं, आणि त्यातलं जे रोज कामाला येतं ते मला आपल्या शाळेच्या लॅबमध्ये विज्ञानाच्या सरांनी शिकवलं, कॉलेजात नाही, हे या अंकात लिहायलाच पाहिजे.

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही पोरांनी पाच व्होल्टचा सप्लाय केला होता. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५, म्हणजे आत कमी-जास्त व्होल्ट आले तरी बाहेर पाचच देणारी चिप, लिनिअर रेग्युलेटर म्हणतात तो प्रकार. बाहेर बरोबर पाच व्होल्ट आले, आम्ही खूश. सरांनी मात्र मीटर कपॅसिटरवर लावला, तिथे ११ च्या आसपास, आणि विचारलं, "मधले सहा कुठं गेले रे भो?"

उष्णतेत गेले, दुसरं काय. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचे व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो, सहा व्होल्ट गुणिले आमच्या सप्लायमधून जाणारा पाव अँपिअर करंट म्हणजे दीड वॅट, आणि हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, नसेल तर दर वॅटला आतली चिप साधारण ६५ डिग्रीने चढते. म्हणजे ९७ ची वाढ. पुस्तकातल्या २५ डिग्री हवेत १२२ होतात, चिपची मर्यादा १२५, पास. सरांनी २५ खोडून ४५ लिहिलं, कारण जळगाव-भुसावळचा मे महिना तसाच असतो, आणि बेरीज झाली १४२. ७८०५ जळत नाही म्हणा, फार तापली की स्वतःच बंद पडते, पण त्या भरवशावर कोणी सप्लाय बनवत नाही. मग ॲल्युमिनियमचा हीट सिंक, मागे पांढरी पेस्ट, स्क्रू घट्ट.

मी म्हटलं सर, सहा व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर लावू ना, तापणारच नाही. तर सर म्हणाले शेतातल्या मोटारी सुरू झाल्यावर तुझ्या गावाला लाईन किती येते ते मोज. २३० च्या जागी १७० व्होल्ट आली! ७८०५ ला आत निदान सात व्होल्ट लागतात, नऊवाला ट्रान्सफॉर्मर १७० वर जेमतेम तिथे पोचतो, सहावाला तर पोचतच नाही. म्हणजे उन्हासाठी व्होल्टेज कमी हवं आणि लाईनसाठी जास्त, या दोन्हीच्या मधे खान्देशातला सप्लाय बसवायचा असतो, आणि माझ्या मते आपलं सगळं शिक्षण त्यातच होतं.

आता मी व्होल्टेज उतरवायची मोठी उडी स्विचिंगने, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून, मारतो, त्यात उष्णता कमी होते; शेवटचा एक-दीड व्होल्ट तेवढा लो-ड्रॉपआउट लिनिअरकडे, म्हणजे थोड्याशा फरकावर चालणाऱ्या रेग्युलेटरकडे, देतो, सेन्सर आणि ऑडिओला अजून तोच लागतो, स्विचिंगची कुरकुर, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, तिथे चालत नाही. हवेचं तापमान मात्र अजूनही ४५ च धरतो, ऑफिसमधले पुण्याचे लोक जास्त धरलंय म्हणतात तरी.