टाळ वाजतच राहतात तेव्हा

माऊलींच्या पालखीत मला सगळ्यात जास्त ओढ असते ती मुक्कामाच्या तळावरच्या समाज आरतीची. दिंड्या गोलाकार उभ्या, टाळ-मृदंगांचा नुसता कल्लोळ. मग सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंच करतात आणि हजारो माणसं गप्प होतात. ना शिट्टी, ना दरडावणं.

पण खरी गंमत पुढेच. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती टाळ वाजवतच राहते. कुणाला टँकरचं पाणी मिळालेलं नसतं, कुणाची चालण्याच्या क्रमावरून कुरबुर असते. चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. तेव्हा कुठे टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच होतो, मग आरती.

सोहळ्याला ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. शिंद्यांच्या पदरचा सरदार माणूस, पण तक्रारीला जागा ठेवून गेला. लष्करात हे कसं चाललं असतं कोण जाणे!

आमच्या दिंडीचे विणेकरी एरवी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. वारीत सरपंच त्यांच्या पाया पडतात आणि लगेच तेही सरपंचांच्या. आधी कोण वाकतो, यावरून चेष्टा चालते.

मी कारखान्यात सुपरवायझर. आमच्याकडे तक्रारपेटी आहे, कुलूपबंद. किल्ली कुणाकडे, ते विचारू नका. यंदा वारीहून आल्यावर पाळी बदलताना सगळ्यांसमोर विचारायला लागलो, "आज कुणाचा टाळ वाजतोय?" आधी हसले. मग एकानं कॅन्टीनच्या चहावरून सुरुवात केली, आणि बोलता बोलता बंद पडलेल्या पंख्यांचं प्रकरण बाहेर आलं.