तीनशे रुपयांची पट्टी

पुतण्याच्या बारशाला ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ सुरू झालं आणि नेमकी तेव्हाच माझ्या कॅमेऱ्याने मान टाकली. पडद्यावर सूचना आली: लेन्सशी संपर्क होत नाही, काँटॅक्ट पुसा. पुसले. पुन्हा तेच. बाळाचे फोटो वहिनीच्या भावाने मोबाइलवर काढले आणि ते चांगले आले, हे मला जास्त लागलं.

लेन्स 18-135 मिलिमीटरची झूम, सात वर्षं वापरलेली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, आख्खं अपर्चर युनिट, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांचा भाग, बदलावं लागेल. साडेसात हजार, वर जीएसटी. तेवढ्यात थोडी भर घातली की तशीच लेन्स सेकंडहँड मिळते. लेन्स घेऊन मुकाट घरी आलो.

रात्री खिडकीशी बसून वहीत टिपत गेलो. अपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की फोटो येतो. एफ 8 केलं, म्हणजे अपर्चर बारीक केलं, की अडतो. झूम 18 वर असताना एफ 8 लाही कधीमधी येतो, 50 च्या पुढे कधीच नाही. डीएसएलआरमध्ये अपर्चरची पाती एरवी उघडीच असतात, क्लिकच्या क्षणापुरती हवी तेवढी मिटतात. म्हणजे काच, फोकस सगळं शाबूत. पात्यांपर्यंत हुकूम तेवढा पोचत नव्हता.

शनिवारी डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत बोरा बाजार. दुसऱ्या मजल्यावर एका काकांचं टेबल, त्यावर दिवा आणि भिंग. मी वही उघडली.

‘वाइड ओपन चालते?’

‘हो काका.’

‘झूम केलं की जास्त अडते?’

‘हो.’

‘मग फ्लेक्स तुटली, पात्यांपर्यंत हुकूम नेणारी तारांची पातळ पट्टी. झूमबरोबर ती दर वेळी वाकते, घडीवर चीर पडते. युनिट कशाला बदलायचं?’

एकूण अठराशे. ‘पट्टी तीनशेची, बाकी हाताचे,’ ते म्हणाले. घासाघीस केली नाही असं लिहिणार होतो, पण केली, शंभर सुटले.

बुधवारी या म्हणाले होते, तरी मी तिथेच रेंगाळलो. त्यांनी मागचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणारी कडी, उघडला, एकेक स्क्रू कागदावर काढलेल्या वर्तुळात त्याच्या त्याच्या जागी ठेवला. माउंटखाली कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या चकत्या होत्या. त्यातली एक जरी इकडची तिकडे झाली तर लांबचा फोकस बसत नाही, म्हणून त्यांना हात लावताना काका बोलायचे थांबले. मग मात्र ‘आता उजेड अडवू नका’ म्हणून मला घालवलं.

बुधवारी लेन्स घेतली. तिथेच प्रत्येक अपर्चरला, प्रत्येक झूमला क्लिक करून पाहिलं. एकदाही अडली नाही. घरी आल्यावर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून ट्रायपॉडवरून फोटो काढला, तर डावीकडची अक्षरं पुसट. मनात नाही नाही ते आलं. बिलही घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून पुन्हा गेलो. काकांनी फोटो मोठा करून पाहिला, ‘एक काच किंचित तिरकी बसलीय, माझीच चूक’ म्हणाले आणि तासाभरात नीट करून दिली. पैशाचं नाव काढलं नाही.

जुनी पट्टी मी मागून घेतली. त्यांच्या भिंगाखाली धरली तेव्हा घडीवर केसाएवढी चीर दिसली.