आमची वाटचाल : हुदांनी (पाणमांजरांनी) नव्हे, बियाण्याने बुडवलं

२००४ मध्ये गोव्यातल्या चोडण बेटावर खाजनातलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतलं, एक तळं भाड्याने घेऊन आम्ही चणक हा मासा पाळायला लागलो. भरती-ओहोटी बघून मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडायची, झाकायची, मासा वाढवायचा, पणजीला पोचवायचा. सहा-सात वर्षं अशीच गेली. सांगायचं आहे ते २०११ चं.

बियाणं, म्हणजे चणकाची पिल्लं, टाकून तीन महिने झाले होते. पागीर (फेकायचं जाळं) टाकली तर पिल्लं निम्मीसुद्धा नाहीत. बियाणं देणारा आला, बांधावरच्या चिखलातले पंजे पाहिले आणि म्हणाला, "हुदांनी खाल्ली. मी काय करणार?" गावभर तेच झालं. कर्जाची माहिती घ्यायला आलेल्या माणसानेही तेच लिहून नेलं. आजही आठवलं की जिवाला लागतं.

हुदं येत होती हे खरं. मांडवीकाठच्या खारफुटीतून पहाटे पाच-सहा जणांचा कळप यायचा. विष्ठा मात्र बांधाच्या ठरावीक कोपऱ्यावरच. ती मी महिनाभर रोज उचलून, आईच्या रव्याच्या चाळणीत धुऊन बघितली. तिलापी माशाच्या खवल्याची कड गुळगुळीत असते, चणकाची बोटाला खरखरीत लागते. निघाले ते बहुतेक गुळगुळीत खवले आणि कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) कवचाचे तुकडे. खरखरीत अगदी थोडे. जे संथ आणि मुबलक, ते हूद आधी धरतो. मानशीतून शिरलेली तिलापी आमच्या तळ्यात उदंड होती. आणि कुर्ल्या बांध पोखरतात, त्या खाणाऱ्याला मी शत्रू कसा म्हणू?

मग उरलेली मोठी पिल्लं कापली. तिघांच्या पोटात चणकाचीच लहान पिल्लं! हे पिल्लू आपल्या निम्म्या लांबीहून मोठं भावंडही गिळतं. बियाणं आकार न निवडता एकत्र दिलं होतं. ते बघायला कर्जाचा तो माणूस पुन्हा आला नाही.

त्या वर्षी रिबंदरच्या एका खानावळवाल्या वहिनींनी तगवलं. "भाऊ, लहान असला तरी पाठव, मी तिखल्यात घालीन," म्हणाल्या आणि सोमवार-गुरुवार सोडून रोज मासा घेतला, पैसे हातोहात दिले.

नव्याने उतरणाऱ्यांनो, बियाणं घेताना टोपल्यात हात घालून आकार बघा. पहिले दोन महिने आठवड्याला एकदा पिल्लांची आकाराप्रमाणे निवड करा. जाळीचं कुंपण हातभर चिखलात पुरा, हूद खालून शिरतो. मासे काढायला पाणी उतरवलं की त्या रात्री बांधावर झोपा, कारण उथळ पाण्यात त्याला चणकही सहज सापडतो. विष आणि सापळा नको. १९७२ च्या कायद्याने पाणमांजराला संरक्षण आहे.

बियाणेवाला अजून फेरीबोटीत भेटतो. "हुदं काय म्हणतात?" विचारतो. ते खवले मी डब्यात जपून ठेवलेत. त्याने एकदा येऊन त्यांच्या कडांवरून बोट फिरवून बघावं.