ग्वेन, गव्हर्नर आणि एक तुटलेला पट्टा

मी लिफ्टवाला आहे. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नाही, दुरुस्तीवाला. गेली पंचवीसेक वर्षं नागपुरातल्या इमारतींच्या शाफ्टमध्ये ग्रीस खात फिरतोय. आज लिहायचंय ते मात्र स्पायडरमॅनबद्दल. हसू नका, दोन्हीचा संबंध आहे.

१९९१ साल. मी बारा वर्षांचा. महालात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण भाड्यानं कॉमिक्स द्यायचा. नागराज, ध्रुव, कडा कुरतडलेले जुने वेताळ. पन्नास पैसे रोज, आणि उशीर झाला की दुकानदार सगळ्या गल्लीसमोर हाक मारायचा. इंग्रजी कॉमिक्स त्याच्याकडे नव्हतंच. ते मला बर्डीवर फुटपाथच्या ढिगात सापडलं. कव्हर गायब, शेवटची पानं गायब, स्टेपल गंजलेले. पाच सांगितले, तीनला दिलं. मूळ अंक होता की नंतर छापलेला, हे कव्हरच नसल्यामुळे कळायला मार्ग नव्हता. मूळ असता आणि नीट जपला असता तर आज मी शाफ्टमध्ये नसतो.

इंग्रजी माझं यथातथाच. ताई तेव्हा अकरावीत. तिच्या मागे लागून वाचून घेतलं. तिची चाचणी होती, त्यामुळे ती संवादाचा एक फुगा वाचायची आणि तीन गाळायची. पण गोष्ट कळली. स्पायडरमॅन म्हणजे पीटर, आणि त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी. तिला खलनायक ग्रीन गॉब्लिन उचलून एका उंच पुलाच्या टोकावर नेऊन ठेवतो. ती बेशुद्ध. स्पायडरमॅन येतो, मारामारी होते, आणि गॉब्लिन तिला खाली ढकलतो. स्पायडरमॅन वरून जाळं सोडतो. जाळं तिच्या पायांना चिकटतं. तो तिला वर ओढायला लागतो आणि ओढता ओढता स्वतःचंच कौतुक करत असतो: काय आपली शक्ती, काय आपण!

माझी प्रत तिथेच संपायची.

‘‘मंग?’’ मी ताईला विचारलं.

‘‘मंग काय? वाचली. पुढच्या अंकात लग्न. जा आता, मले अभ्यास करू दे.’’

माझ्या हिशेबी ग्वेन स्टेसी वाचलेली होती. तेवीस वर्षं.

२०१४ मध्ये लेकीला घेऊन सिनेमाला गेलो. तिथे पूल नव्हता, घड्याळाचा मनोरा होता. बाकी तेच. जाळं पोहोचतं आणि तरी ती मरते. लेक रडत होती. मी मनात म्हणत होतो, या सिनेमावाल्यांनी गोष्ट बदलली, अशी कशी बदलतात! घरी आल्यावर मोबाइलवर शोधलं आणि रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात उभ्यानं तो अंक पहिल्यांदा पुरता वाचला.

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१ वा अंक, जून १९७३. लेखक गेरी कॉनवे, तेव्हा जेमतेम विशीचा. चित्रं गिल केनची, शाई जॉन रोमिटाची. अंकाचं नाव ‘ज्या रात्री ग्वेन स्टेसी मेली’ अशा अर्थाचं आहे, आणि ते छापलंय शेवटच्या पानावर. आधी छापलं असतं तर सगळंच फुटलं असतं. म्हणजे माझ्या प्रतीतून नेमकं तेच पान गेलं होतं, ज्यावर नाव होतं.

आणि मी लहानपणी न पाहिलेली दुसरी एक गोष्ट तर माझ्या प्रतीतही होती. जाळं तिला धरतं त्या चित्रात, तिच्या मानेजवळ, बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: स्नॅप. बाकी अंकभर आवाज केवढाले! हा मात्र इवलासा, जणू कुणी कोपऱ्यात हळूच लिहून ठेवलाय. ताईनं तो वाचलाच नव्हता. आवाज काय वाचायचे?

आता लिफ्टकडे येतो.

मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. एका जुन्या इमारतीत सेफ्टीची टेस्ट होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर मशीन रूममध्ये गव्हर्नर नावाचं एक चाक असतं, त्याला वजनं लावलेली. केबिन ठरल्यापेक्षा जोरात खाली सुटली की वजनं बाहेर फेकली जातात, चाक अडतं आणि गव्हर्नरचा दोर जागीच थांबतो. केबिन अजून खाली चाललेलीच असते, त्यामुळे थांबलेला दोर तिच्यावरचा दांडा खेचतो आणि केबिनचे जबडे दोन्ही बाजूच्या गाईड रेलला, म्हणजे केबिन ज्यांच्या आधारानं वरखाली जाते त्या रुळांना, चावतात. टेस्टला हे सगळं मुद्दाम करायचं असतं. केबिनमध्ये अर्थातच कुणी नसतं.

त्या दिवशी माझी अवजारांची बॅग होती. मीच विसरलो होतो. पाने, हातोडी, ओळंबा, सगळं मिळून आठ-दहा किलो, आतल्या दांडीला पट्ट्यानं लटकवलेलं. उस्तादनी वरून गव्हर्नर ट्रिप केला. धप्प झालं. खाली जाऊन दार उघडलं तर बॅग फरशीवर, पाने पसरलेले, आणि पट्ट्याचा तुकडा दांडीलाच लोंबकळत होता. शिवण उसवली नव्हती. पट्टाच मधून तुटला होता.

मला वाटलं, सेफ्टी बिघडली. उस्ताद म्हणाले, ‘‘सेफ्टी बरोबर हाय. थांबवणं सोपं असते बे. किती अंतरात थांबवतं, ते पाय.’’

त्या जुन्या लिफ्टचे जबडे एकदम चावणारे होते. संथ लिफ्टला ते चालतात. जोरात चालणाऱ्या लिफ्टला वेगळे जबडे लागतात, जे रेल धरतात पण थोडं घसरू देतात. दोन्हीत केबिन थांबतेच. आतल्याचं काय होतं, एवढाच फरक.

१८५४ साली एलिशा ओटिस न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर लिफ्टच्या उंच फलाटावर उभा राहिला आणि त्यानं दोर कापायला लावला. फलाट थोडासा घसरला आणि थांबला. आमच्या धंद्याची सुरुवात तिथून मानतात. स्पायडरमॅनचं शहरही तेच. पूल कोणता, यावर लोक अजून भांडतात: मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल लिहिलाय, चित्रात मात्र ब्रुकलिनचा दिसतो. मी सोयीसाठी पुलाची उंची नव्वद मीटर धरली. नव्वद मीटर पडलं की वेग होतो सेकंदाला बेचाळीस मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. आमची साधी लिफ्ट सेकंदाला एक मीटर जाते. बेचाळीसवरून शून्यावर अर्ध्या सेकंदात आणलं तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा पट ओढ येते. तीही पायाला धरून. मान मोकळी. ती तर बेशुद्धच होती, मान सावरणार कोण?

अंकात गॉब्लिन वेगळंच सांगतो. जाळं पोहोचायच्या आधीच ती मेली होती, म्हणे; एवढ्या उंचीवरून पडताना माणूस जमिनीला लागायच्या आधीच मरतो. साफ खोटं. विमानातून उड्या मारणारे मग रोज मेले असते. पण मला वाटतं, लेखकानं हे खोटं मुद्दाम गॉब्लिनच्या तोंडी दिलंय. वाचणाऱ्याला सुटायचं असेल तर त्याला एक दार ठेवलं. आणि मानेजवळ ती अक्षरं लिहून तेच दार लावूनही घेतलं. चारच महिन्यांनी, १२५ व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी कबूल केलं, की जाळ्यानं एकदम थांबवल्याचा झटकाच तिला भोवला.

वाचक भयंकर चिडले होते. आधी पीटरची काकू, आंट मे, हिला मारायचा विचार चालला होता आणि ग्वेनचं नाव रोमिटानं सुचवलं, असं सांगतात. कॉनवेला ती फारशी आवडायचीही नाही, त्याला पीटरची मैत्रीण मेरी जेन जास्त रंगतदार वाटायची. या कुरबुरींत मला रस नाही. मला आठवतो तो तिचा बाप, कॅप्टन स्टेसी. तो १९७० च्या नव्वदाव्या अंकात एका पोराला वाचवताना ढिगाऱ्याखाली जातो आणि मरता मरता पीटरला सांगतो, हिला सांभाळ. सांभाळायलाच तर त्यानं जाळं सोडलं होतं.

ग्वेन मेली त्याच्या पुढच्या, १२२ व्या अंकात गॉब्लिन स्वतःच्याच ग्लायडरनं, म्हणजे ज्यावर उभा राहून तो उडायचा त्या यंत्रानं, मरतो. ते ठीक आहे, मरायचाच होता. त्याच अंकाच्या शेवटी पीटर मेरी जेनवर ओरडतो, चालती हो म्हणतो. ती दारापर्यंत जाते, उभी राहते, आणि दार आतून लावून घेते. एक बारीकसा क्लिक. दोन्ही अंकांत मिळून मला हे दोनच आवाज ऐकू येतात.

तेव्हापासून टेस्टच्या आधी मी केबिन स्वतः तपासतो. हेल्पर म्हणतो, पाहिलं भाऊ. तरी मी जातो.

मागच्या आठवड्यात ताईला फोन केला. म्हटलं, ‘‘ताई, ते ग्वेन मेली होती बरं का. तू खोटं सांगतलं.’’

‘‘कोणती ग्वेन बे?’’

मी सगळं सांगितलं. फुटपाथ, फाटलेली पानं, तिची चाचणी. तिला काही म्हणजे काही आठवेना.

‘‘जाऊ दे ना आता,’’ ती म्हणाली. ‘‘मी तुलेच फोन करणार होती. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन दिवसांपासून आवाज करून राहिली. तो कंपनीवाला येऊन नाही राहिला.’’

‘‘कसा आवाज?’’

‘‘टक टक. खाली येताना.’’

केबिनला रेलवर धरून ठेवणारे गाईड शू घासले असतील बहुतेक. रविवारी जाऊन पाहतो.